बंदर सोडण्यापूर्वींची दुपार

विलासनौकेच्या सफरीवर निघालेल्या कुटुंबाची पहिली दुपार बहुधा एकाच तऱ्हेनें जाते. मुलें जिने मोजीत वरच्या मजल्यावरील पोहण्याच्या तलावापर्यंत धांवतात. गृहिणी केबिनीची खोलीं, कपाटें आणि गोल खिडकी पाहून सामान कोठें मावेल याचा हिशेब मांडते. गृहस्थ कठड्यास टेकून, तिकिटाचे पैसे वसूल होणार कीं नाहीं याचा अंदाज घेतात. भोजनगृहांत पंक्ति अखंड चालूच असते. अशा रंगांत आलेल्या वेळीं भोंगा एकाएकीं सात आंखूड व एक लांब असा वाजूं लागतो, आणि सर्वांस हातांतील बशा खालीं ठेवून नेमलेल्या जागीं जमावें लागतें. तेथें एक खलाशी जाकीट कसें घालावें, पट्टे कसे आवळावे, कोणत्या होडीशीं जावें हें सांगतो. लहान मुलांच्या मनगटांत त्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी बांधलेली असते. थोरांपैकीं निम्मे जांभया देतात व उरलेले छायाचित्रें काढतात.

सफरीच्या पहिल्या दुपारीं इतक्या अप्रिय गोष्टीचा प्रवेश कसा झाला, हा इतिहास आम्हांस सफरींच्या वर्णनांपेक्षां अधिक मनोरंजक वाटतो. मनोरंजक हा शब्द येथें शोभत नाहीं, हें पुढें वाचकांच्या ध्यानीं येईलच.

केवळ मौजेखातर समुद्रावर जाण्याची कल्पना तशी जुनी नव्हे. १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीनें थॅकरे या कादंबरीकारास भूमध्य समुद्रांतील सफरीचें तिकीट फुकट दिलें आणि त्यानेंही दोन वर्षांनीं त्यावर पुस्तक लिहून त्या उपकाराची फेड केली. परंतु ज्यास आपण आज विलाससफर म्हणतों तिचा जनक हॅम्बुर्ग येथील आल्बर्ट बालिन यासच मानण्याची चाल आहे. त्याच्या कंपनीच्या बोटी हिंवाळ्यांत रिकाम्या पडत. अटलांटिक ओलांडण्यास त्या थंडीवाऱ्यांत कोण जाणार? तेव्हां २२ जानेवारी १८९१ रोजीं त्यानें 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' ही बोट २४१ उतारू घेऊन कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे सोडली. कंपनींतील शहाणे लोक त्याला हंसले; पण सुमारें दोन महिन्यांनीं बोट परत आली तेव्हां हंसण्याचें कारण उरलें नव्हतें. व्यापाऱ्याच्या अडचणींतून सुचलेली ही युक्ति होती, आणि तिचा मूळ स्वभाव पुढेंही बदलला नाहीं. उतारूस कोठें न्यावयाचें हा प्रश्न गौण; त्याचें मन प्रसन्न राहिलें पाहिजे, हा मुख्य. आमच्या विषयाचा सारा गुंता या एका गोष्टींत आहे. ज्याचें मन प्रसन्न ठेवावयाचें, त्याला आल्या आल्या 'बोट बुडाली तर काय कराल?' हें कोण विचारील?

टायटॅनिक ही विलाससफरीची बोट नव्हती. पण तिच्यावांचून ही कथा पुढें सरकत नाहीं. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं ती हिमनगावर आदळली तेव्हां तिच्यावर सुमारें २,२०० माणसें होतीं आणि होड्यांत जागा होत्या १,१७८. हा आंकडा सर्वांस पाठ असतो. त्याहून बोलका आंकडा फारसा कोणी सांगत नाहीं : पहिली होडी खालीं सोडली तींत ६५ माणसें मावत असतां २८ च बसलीं होतीं. म्हणजे ज्या जागा होत्या त्याही भरल्या नाहींत. कारण उघड आहे. उतारूंची कवाईत एकदांही झालेली नव्हती. आपली होडी कोणती हें कोणास ठाऊक नव्हतें. उजळलेली, उबदार, भक्कम बोट सोडून काळोखांत लोंबणाऱ्या एका लाकडी होडींत बायकामुलांस बसवावयाचें, हें कोणाच्या मनास पटेना. सुमारें १,५०० माणसें गेलीं.

या आघातानें राष्ट्रें एकत्र आलीं व २० जानेवारी १९१४ रोजीं लंडन येथें समुद्रावरील जीवरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सहा महिन्यांत महायुद्ध पेटलें आणि करार अंमलांत आलाच नाहीं. १९२९ त नवा करावा लागला. कागदोपत्रीं मात्र एक तत्त्व प्रस्थापित झालें : बोटींवर प्रत्येक माणसास होडींत जागा पाहिजे, आणि ती जागा गांठण्याची सवय पाहिजे. पहिला अर्धा भाग पैशानें साधतो. दुसऱ्यास उतारूची मर्जी लागते.

ती मर्जी राखण्याच्या नादांत काय होतें, याचें उदाहरण 'मॉरो कॅसल'. ही अमेरिकन बोट १९३० पासून न्यूयॉर्क व हवाना यांच्या दरम्यान सुटीच्या उतारूंची ने-आण करीत असे. अमेरिकेंत दारूबंदी असल्यामुळें या फेऱ्यांस आरंभीं चांगलाच रंग चढला होता. उतारूंस घेऊन करावयाची आगीची कवाईत या बोटीवर बंद पडली होती. त्याचें कारण असें सांगतात कीं, एका कवाईतीच्या वेळीं ओल्या डेकवर एक बाई घसरून पडली आणि तिनें कंपनीवर फिर्याद लाविली. नुकसानभरपाईची भीति आगीच्या भीतीहून मोठी ठरली! १९३४ च्या ७ सप्टेंबरला संध्याकाळीं बोटीचा कप्तान एकाएकीं मरण पावला, आणि ८ तारखेच्या पहांटे तीनच्या सुमारास लेखनकक्षाजवळील एका कपाटांत आग दिसली. लांकडी तक्तपोशी, रोगण व वारा यांनीं मिळून थोड्याच वेळांत बोट भडकविली. ज्या थोड्या होड्या प्रथम सुटल्या त्यांत बहुतेक खलाशीच होते. मागें राहिलेल्या उतारूंनीं पाण्यांत उड्या टाकिल्या. जाकीट घातलेला मनुष्य उंचावरून उडी टाकतांना तें दोन्ही हातांनीं खालीं दाबून धरितो. न धरिल्यास पाण्याच्या धक्क्यानें तें वर उसळतें व हनुवटीवर आपटतें. हें कोणी शिकविलें नसल्यानें कांहींजण जाकिटानेंच जायबंदी झाले. ५४९ पैकीं १३७ माणसें मेलीं. जळकें सांगाडें अॅस्बरी पार्कच्या किनाऱ्याला लागलें आणि सुटीसाठीं तेथें आलेले हजारों लोक तें पाहावयास लोटले.

आपल्याकडील वाचक म्हणतील कीं ही विलायती श्रीमंतांची दुखणीं. पण कोंकणच्या किनाऱ्यानें हें दुःख विलासाच्या वाऱ्यासही न उभें राहतां भोगलें आहे. १९२७ च्या नोव्हेंबरांत 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच वादळांत गेल्या. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यांत तासाभराच्या आंत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं, आणि पोहून किनारा गांठलेल्यांकडून ती वार्ता मुंबईस पोंचण्यास कित्येक तास लागले. घरोघर सणाची तयारी चालली होती. स्वातंत्र्यास अवघा महिना राहिला होता म्हणून कीं काय, त्या बोटीची आठवण कोंकणांतील घरांत जितकी जिवंत राहिली तितकी पुस्तकांत राहिली नाहीं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला किंवा रेवसला जाणाऱ्या माणसास कवाईत कोणी घडविणार तरी कधीं? त्याचा सारा प्रवास एका दुपारीहून लहान. तथापि २०१८ सालीं कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचें नांव घेऊन 'आंग्रिया' ही सहलीची बोट मुंबई-गोव्याच्या वाटेवर सुरू झाली तेव्हां अनेक जुन्या माणसांस आधीं आठवली ती 'रामदास', हें आम्ही स्वतः ऐकिलें आहे.

आतां शेवटचें प्रकरण. १९७४ च्या करारांतील नियमाप्रमाणें उतारू बोटीवर चढल्यापासून २४ तासांच्या आंत त्यांस एकत्र जमविलें कीं पुरे, अशी सवलत होती. सवलत म्हटली कीं व्यवहारांत ती शेवटच्या टोकापर्यंत ताणली जाते. १३ जानेवारी २०१२ रोजीं 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलींतील चिव्हिताव्हेक्किया बंदरांतून संध्याकाळीं निघाली. तिच्यावर ४,२२९ माणसें होतीं. त्या बंदरांत चढलेल्या सुमारें सातशें उतारूंची कवाईत दुसऱ्या दिवशीं व्हावयाची होती. कायद्याचा भंग कोठेंच नव्हता! रात्रीं पावणेदहाच्या सुमारास बोट जिल्यो बेटालगतच्या खडकावर फांटली. विजेंत बिघाड झाला आहे असें उतारूंस सांगण्यांत आलें. बोट सोडण्याचा हुकूम यावयास तासाहून अधिक वेळ लागला आणि तोंपर्यंत ती इतकी कलली कीं एका बाजूच्या होड्या सुखानें सोडतां येईनात. नवीन उतारू आपली जागा विचारीत अंधारांत जिन्यांवरून धांवत होते. ३२ जण दगावले, त्यांत पांच वर्षांची एक मुलगी व तिचा बाप होता. सर्वांत शेवटीं, नोव्हेंबर २०१४ मध्यें, ज्याचें प्रेत सांपडलें तो मुंबईकडचा एक वाढपी होता. त्यानें आपलें जाकीट दुसऱ्यास देऊन टाकिलें होतें असें त्याचे सोबती सांगतात. कप्तानास १६ वर्षांची सजा झाली. आमच्या मतें कप्तानाचा उथळपणा हें या अपघाताचें कारण खरें. पण त्या रात्रींचा गोंधळ इतका भयंकर व्हावा, याचा दोष त्या २४ तासांकडेही जातो.

तो आंकडा अखेर गेला. कंपन्यांनीं त्याच वर्षीं आपण होऊन चाल बदलली, आणि १ जानेवारी २०१५ पासून करारांतच असें आलें कीं बोट निघण्यापूर्वीं किंवा निघतांच सर्व नव्या उतारूंस जमविलें पाहिजे. अशा रीतीनें ती अप्रिय कवाईत पहिल्या दुपारींच येऊन बसली. १९१२ पासून मोजल्यास या एका दुपारीस यावयाला शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

२०२० च्या साथीनंतर बऱ्याच कंपन्यांनीं सगळ्यांस एके ठिकाणीं दाटीनें उभें करणें सोडून दिलें. उतारूनें सूचना केबिनींतील पडद्यावर किंवा हातांतील फोनवर पाहावयाच्या व नंतर आपल्या ठिकाणावर जाऊन हजेरी लावावयाची, अशी पद्धत पडली. गर्दी टळली हें चांगलें. परंतु फोनवर दाखविलेलें चित्र पाहणारा मनुष्य तें चित्र सुरू करून शेजारीं ठेवून सामान लावीत बसतो, हें सांगावयास आरमारी अनुभव लागत नाहीं. चार मुलांसमोर जाकिटाचे पट्टे आवळून दाखविणाऱ्या खलाशाकडे मुलें तरी डोळे लावून बसत. आईबापांना ती कवाईत कंटाळवाणी वाटे तरी मुलांना ती खेळापेक्षां मोठी मौज वाटे, आणि घरीं परतल्यावर होडीचा क्रमांक त्यांनाच आठवत असे.