तेरचे संग्रहालय आणि आमच्या घरातल्या पेट्या

धाराशिव (२०२३ पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. त्याच गावात रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. लामतुरे हे पुराणवस्तू खात्याचे अधिकारी नव्हते, गावातलेच गृहस्थ. पांढरीच्या टेकाडांतून वर येणारे मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी, मातीच्या मूर्ती त्यांनी आयुष्यभर जमवल्या. त्यांच्या संग्रहातूनच पुढे हे संग्रहालय उभे राहिले. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली मिळालेल्या मूर्तीची जणू बहीण शोभते. पाँपेई इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. म्हणजे त्याआधीच आपल्याकडची कारागिरी समुद्रापार पोहोचली होती.

आम्ही भिवंडी तालुक्यातली माणसे तेरचे कौतुक सांगतो, याला कारण आहे. तेर म्हणजेच प्राचीन तगर, हे फ्लीट यांनी १९०१ साली मांडले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात तगरहून जाडेभरडे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई, अशी नोंद आहे. मागावर पोट भरणाऱ्या भिवंडीला हे वाचून बरे वाटावे! आमच्या भागावर राज्य करणारे शिलाहार राजेही स्वतःला तगर नगरीचे स्वामी म्हणवून घेत. त्यांच्यातल्या अपराजिताने शके ९१९ मध्ये, म्हणजे इ.स. ९९७ साली, आमच्या तालुक्यातले भादाणे गाव लोनाडच्या लोणादित्य देवाला दान दिले. तो ताम्रपट वाचायचा तर भादाण्याला जाऊन भागत नाही, जाडजूड इंग्रजी खंड उघडावे लागतात. तेर आणि आम्ही यांत फरक पडतो तो इथे.

आता थोडे उत्तरेला, डहाणू तालुक्यातील चिंचणीला जाऊ. तिथे सापडलेला शके ८४८ चा (इ.स. ९२६) ताम्रपट आपल्या प्रत्येक शाळेत सांगितला पाहिजे, असे आमचे मत आहे. संजाण प्रांतावर राष्ट्रकूट सम्राटाने नेमलेला अधिकारी ताजिक, म्हणजे अरब होता. संस्कृत ताम्रपटात त्याचे नाव मधुमती असे येते. ते मुहम्मदचेच रूप होय. या मुहम्मदने दोन प्रवाहांवर फुकट नाव चालवली, अन्नछत्र घातले आणि तिथे भात, कालवण व तूप विनामूल्य मिळेल अशी सोय केली. एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठाला गाव आणि जमीन याच्याच कारकिर्दीत मिळाली. कोकणातला मुसलमान कालपरवा बाहेरून आला, असे सांगणाऱ्याशी वाद घालण्यापेक्षा हा ताम्रपट पुढे ठेवावा. तो तांब्यावर कोरला गेला म्हणून वाचला. आमचे मात्र सगळे कागदावर आहे.

कोकणी मुसलमानांच्या जुन्या घरांत पत्र्याची नाहीतर सागवानी पेटी असते. तीत सनदा, खोतीचे कागद, काजीच्या दप्तरातले निकाहाचे कागद असतात. भाषा मराठी, लिपी मोडी, कुठे वर फारसी शिक्का. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली आणि नातवंडांना आजोबांचे अक्षर परके झाले. मग होते काय, न वाचता येणारा कागद मजहबी असेल या अदबीने उंच फळीवर जातो आणि कधीतरी कुराणाच्या शहीद पानांबरोबर विहिरीत सोडला जातो. त्यात जमिनीचा करारही असू शकतो. अदब खरी, नुकसानही खरे.

बाकीचे काम वाळवीने केले. १९७० आणि १९८४ च्या दंगलींत घरे जळली, माग जळले. त्यांचे पंचनामे झाले, पेट्यांचे कोण करतो? २००५ च्या जुलैत पुराचे पाणी घरांत शिरले. आता जुने वाडे पाडून इमारती उठतात, शेतांवर गोदामे उभी राहतात, यंत्रमाग भंगारात वजनावर जातात. १८५७ नंतर उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी आणलेला हातमाग तर त्याआधीच दिसेनासा झाला.

सरकारी संग्रहालय मिळेल तेव्हा मिळो. दिघाशीसारख्या गावात शाळेची एक खोली आणि कुलपाचे कपाट पुरे आहे. कागद घरमालकाकडेच राहू द्यावा, त्याचे छायाचित्र घ्यावे. मोडीचे वर्ग राज्य पुराभिलेखागार घेते. गावातली दोन मुले तिथे पाठवावीत. आणि एक वही घालावी: कोणाच्या घरचा कागद, किती पाने, कोणती लिपी, शिक्का कोणाचा. वहीत पहिली नोंद कागदाचीच हवी असेही नाही. हातमागाचा धोटा चालेल, काजीचा जुना शिक्का चालेल.