बागेतल्या रेल्वेसाठी खडक : कुठून आणावेत, कसे बनवावेत?

अंगणात किंवा बागेत छोटे रूळ टाकून त्यांवर छोटी गाडी चालवण्याच्या छंदाला 'गार्डन रेल्वे' म्हणतात. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये सुरू झालेले जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय अनेकांनी पाहिले असेल. छताखालच्या अशा देखाव्यात थर्माकोल आणि प्लास्टरचे डोंगर चालतात. बागेतली रेल्वे मात्र ऊन-पावसात उघड्यावर असते, त्यामुळे तिथे खरा दगड लागतो किंवा सिमेंटचा बनवावा लागतो.

संगमनेर शहरात अजून रेल्वे स्थानक नाही, पण रेल्वेच्या देखाव्याला लागणारा खडक इथे पायाखालीच आहे. दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना त्याची ओळख असतेच. फरक एवढाच की किल्ला पंधरा दिवसांचा असतो, तर बागेतला घाट अनेक पावसाळे टिकला पाहिजे.

आधी प्रमाण समजून घ्या

गार्डन रेल्वेत 'जी' प्रमाण सर्वाधिक चालते. त्यात दोन रुळांमधले अंतर ४५ मिलिमीटर असते. १९६८ मध्ये जर्मनीच्या लेमान कंपनीने 'एलजीबी' नावाने आणलेल्या गाड्यांमुळे ते रूढ झाले. मीटरगेज गाडीसाठी हे प्रमाण १ : २२.५ येते. या हिशेबात साडेपाच फुटी माणूस साधारण साडेसात सेंटिमीटरचा होतो आणि वीतभर उंचीचा दगड पाच मीटरचा कडा होतो. म्हणून मोठ्या धोंड्यांची गरज नसते. महत्त्व असते ते दगडाच्या पोताला. मोठी भोके, ठसठशीत स्फटिक किंवा रुंद पट्टे असलेला दगड गाडीशेजारी खोटा वाटतो.

कोणता दगड घ्यावा?

संगमनेर-अकोले परिसर दख्खनच्या पठाराचा भाग आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. कळसूबाईपासून हरिश्चंद्रगडापर्यंत डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात ते या थरांमुळेच. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे.

- काळा पाषाण : घट्ट, बारीक कणांचा आणि टिकाऊ. फोडल्यावर धारदार कडा निघतात, त्या लहान प्रमाणात कड्यासारख्या दिसतात. पहिली पसंती याला.
- मांजऱ्या : विहीर खणताना लागणारा, पांढरे ठिपके असलेला खडक. तो ठिसूळ असतो आणि ठिपके प्रमाणात मोठे दिसतात. मागच्या बाजूला, भरावात वापरावा.
- नदीतले गोटे : प्रवरेच्या पात्रातले गुळगुळीत गोटे ओढ्याच्या देखाव्यात शोभतात, कड्यावर नाही.

एका डोंगराला एकाच जातीचा आणि एकाच रंगाचा दगड वापरावा. चार ठिकाणचे दगड एकत्र आले की डोंगराऐवजी ढिगारा दिसतो.

कुठून आणावा?

परवानाधारक दगडखाण किंवा खडी क्रशरवर डबर मिळतो. त्यातून आपल्याला हवे ते पाच ते तीस सेंटिमीटरचे तुकडे स्वतः निवडून घ्यावेत. विहिरीच्या किंवा पायाच्या खोदकामातला दगडही मालकाच्या परवानगीने घरच्या बागेपुरता उपयोगी पडतो.

नदीपात्र, वनजमीन आणि किल्ल्यांवरून दगड उचलू नयेत. दगड, मुरूम, वाळू ही गौण खनिजे आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीवर दंड होतो. तो बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत असू शकतो. गाडीभर दगड आणताना वाहतूक पास आणि पावती मागून घ्यावी. ओढ्यातले गोटे हवेच असतील तर ते रोपवाटिकेतून विकत घ्यावेत.

रचना कशी करावी?

१. काळ्या मातीवर थेट दगड ठेवू नयेत. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दगड सरकतात आणि रूळ वाकतात. माती काढून तिथे मुरूम दाबून भरावा.

२. दगडातले थर आडवे ठेवावेत आणि सगळ्यांचा कल एकाच दिशेला असावा. सर्वांत मोठा दगड तळाशी, एक तृतीयांश जमिनीत गाडलेला असावा.

३. नैसर्गिक उतार आणि खोदलेला घाट यांत फरक करावा. डोंगर पायऱ्यांनी उतरतो आणि पायथ्याशी दगडांचा खच असतो. रेल्वेसाठी कापलेली कड मात्र जवळजवळ सरळ उभी असते. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या कसारा-इगतपुरी घाटातली कापणी हा जवळचा नमुना आहे.

४. वळणावर लांब डबा आतल्या बाजूला झुकतो. दगड पक्के करण्यापूर्वी सर्वांत लांब डबा हाताने फिरवून पाहावा.

खडक बनवावा कधी आणि कसा?

घट्ट काळ्या पाषाणाचे वजन घनफुटाला सुमारे ८० किलो भरते. वापरात असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात साधारण १५० किलो प्रति चौरस मीटर एवढाच वापराचा भार धरतात. म्हणजे गच्चीवर खऱ्या दगडाचा डोंगर धोक्याचा आहे. तिथे, किंवा बोगद्यावर, हलका पोकळ खडक बनवावा. त्याचेही वजन मोजून, मोठा डोंगर असेल तर अभियंत्याला विचारूनच गच्चीवर चढवावा.

*पोकळ डोंगर :* सळईच्या सांगाड्यावर कोंबडजाळी बांधून एकास तीन सिमेंट-वाळूचे दोन हात द्यावेत. दुसरा हात ओला असताना खऱ्या दगडाचा चेहरा त्यावर दाबून ठसा घ्यावा.

*सुटे खडक :* एक भाग सिमेंट, दीड भाग कोकोपीट आणि दीड भाग परलाइट कालवून ओल्या वाळूतल्या खड्ड्यात भरावे. एक-दोन दिवसांनी काढून, कच्चे असतानाच पत्र्याने आणि तारेच्या ब्रशने आडवे थर कोरावेत. नंतर निदान आठवडाभर पाणी मारावे.

रंगासाठी काळी ऑक्साइड पूड मिश्रणातच घालावी. वरून दिलेला रंग पुढे निघतो. सगळे खडक एकाच छटेचे न करता थोडा तांबूसपणा आणावा, कारण उघड्यावरचा बेसाल्ट गंजल्यासारखा तांबूस होतो.

रुळांखालची खडी

भारतीय रेल्वेची खडी साधारण २० ते ६५ मिलिमीटरची असते. आपल्या प्रमाणात ती एक ते तीन मिलिमीटर होते. क्रशरवरची कच दोन चाळण्यांतून चाळली की तेवढे टोकदार कण मिळतात. गोल वाळू वापरू नये; ती रूळ धरून ठेवत नाही.

काळजी

- दगड फोडताना चष्मा आणि मास्क लावावा. ओले सिमेंट कातडी भाजते, म्हणून रबरी हातमोजे घालावेत.
- दगडांमधल्या फटी म्हणजे विंचू आणि फुरशाला आयती जागा. मागच्या बाजूच्या फटी मातीने किंवा सिमेंटने बुजवाव्यात आणि घसरलेली गाडी काढताना फटीत हात घालू नये.
- बोगद्याचे छत उचलता येईल असे ठेवावे.
- पावसाळ्यानंतर मुरूम कुठे खचला ते पाहून रूळ पुन्हा समतल करावेत.

एक-दोन पावसाळ्यांत दगडांवर शेवाळ धरते आणि फटींत गवत उगवते. गवत रुळांवर येऊ लागले तर कापावे, शेवाळ मात्र राहू द्यावे.