माझगाव ते मद्रास : जीपगाडीचे मूळ रूप कोणते?

पन्नास वर्षे पुरी झाली म्हणजे संस्थेला सुवर्णमहोत्सव साजरा करता येतो. मोटारगाडीला सरकारदरबारी 'विंटेज' हे बिरुद मिळते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी भर घातली, तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या दुचाकी वा चारचाकी वाहनाला हा मान मिळू शकतो. अट एवढीच की, गाडी मूळ रूपात राखलेली असावी; तिची चासी, काया किंवा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. हीच अट आमच्या मंडळाला लावली असती तर प्रस्तुत सोहळा कितपत साजरा करता आला असता, याची आम्हांला शंकाच आहे! गणपतीच्या पंगतीत वरणाच्या शेजारी सांबाराने पाट मांडला त्याला किती वर्षे झाली, हे ज्येष्ठ सभासदांनीच सांगावे. आणि तंजावरच्या आमच्या बांधवांची मराठी तर साडेतीनशे वर्षे तमिळच्या शेजारी नांदून वेगळ्याच वळणाची झालेली आहे. म्हणून ती मराठी नव्हे, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

हा विचार सुचण्यास निमित्त झाले ते जुन्या जीपगाड्यांच्या जाहिरातींचे. 'जुनी विलीज जीप, संपूर्ण पुनरुज्जीवित व अद्ययावत केलेली, विक्रीस आहे', अशा अर्थाच्या जाहिराती चेन्नईत वारंवार दृष्टीस पडतात. या वाक्यातील दोन विशेषणे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभी आहेत, हे थोडा विचार केल्यास ध्यानात येईल. पुनरुज्जीवन म्हणजे गाडी जशी होती तशी करणे. अद्ययावत करणे म्हणजे ती जशी कधीच नव्हती तशी करणे. मग विकली जाते ती नेमकी कोणती वस्तू? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर या गाडीचा इतिहास थोडा उलगडून पाहिला पाहिजे. त्या इतिहासाचे एक टोक मुंबईच्या माझगावात आहे आणि दुसरे आमच्या चेन्नईच्या वेशीवर आहे, म्हणून या स्मरणिकेत त्याला जागा मागण्याचा हक्क आम्हांला आहे असे वाटते.

जीपचा जन्म युद्धातला. १९४० साली अमेरिकन लष्कराने टेहळणीसाठी एक हलकी, चारही चाकांना गती देणारी गाडी मागविली आणि नमुना सादर करण्यास अवघ्या ४९ दिवसांची मुदत दिली. बॅन्टम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट यांच्या आराखड्यावरून सप्टेंबर १९४० मध्ये पहिला नमुना हजर केला. परंतु मोठी मागणी गेली ती विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. विलीजचे २,१९९ घनसेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन घडविण्याचे श्रेय बार्नी रूस या अभियंत्याचे. युद्धकाळात हिंदुस्थान सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत असलेल्या कैलासचंद्र महिंद्र यांची या रूसशी गाठ पडली, आणि ही गाडी हिंदुस्थानच्या कच्च्या रस्त्यांना साजेशी आहे हे त्यांनी हेरले. १९४५ मध्ये महिंद्र बंधूंनी गुलाम महंमद यांच्यासह 'महिंद्र अँड महंमद' ही पेढी काढली होती. फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पेढीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. माझगावला सुट्या भागांतून विलीज जीपची जुळणी सुरू झाली ती स्वातंत्र्याच्या याच पहिल्या काळात.

पुनरुज्जीवित जीपच्या खरेदीविषयी या देशाचा पहिला अनुभव मात्र चांगला नव्हता. १९४८ साली काश्मीरच्या युद्धासाठी गाड्यांची निकड होती. लंडनमधील आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी नेहमीची पद्धत बाजूला सारून एका परदेशी पेढीशी जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. बहुतेक पैसा आगाऊ गेला. गाड्या आल्या त्या १५५, आणि त्याही उपयोगात आणण्याजोग्या निघाल्या नाहीत. स्वतंत्र भारतातील पहिला गाजलेला घोटाळा तो हाच. त्याच्या चौकशीशी मद्रास प्रांताचे अनंतशयनम अय्यंगार यांचे नाव जोडलेले आहे. पुढे ते लोकसभेचे सभापती झाले. ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन मंत्रिमंडळात आले. राजकारणाचा भाग आम्ही येथेच सोडतो. रंग ताजा असला म्हणजे गाडी धडधाकट असते असे नाही, हे मात्र तेव्हापासून सिद्ध आहे.

माझगावची आणि पुढे कांदिवलीची जीप देशभर पसरली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकारी व जीप ही जोडी खेड्यापाड्यांत परिचयाची झाली. महाराष्ट्रात १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर तर 'जीप आली' म्हणजे 'साहेब आले' असाच अर्थ होऊ लागला. धरणांची बांधकामे, वनखाते, साखर कारखान्यांचे ऊस-दौरे, निवडणुकीचा प्रचार, कोठेही पाहावे तो ही पत्र्याची चौकोनी पेटी हजर! मद्रास राज्यातही वेगळे चित्र नव्हते.

या गाड्यांची ओळख पटविणे कठीण नाही. जाहिरातदार ज्या सहजतेने प्रत्येक जीपला '१९४२ ची विलीज' म्हणतात, ती सहजता पाहता ओळखीच्या खुणा येथे सांगून ठेवणे आम्ही आवश्यक समजतो. युद्धकाळातील जीपच्या तोंडाशी पत्र्याच्या जाळीत नऊ उभ्या फटी असतात. नागरी जीपला सात. युद्धातील गाडीचे दिवे लहान आणि जाळीच्या आत बसविलेले. नागरी गाडीचे मोठे. युद्धातील गाडीला मागे उघडणारी फळी नाही, जादा चाक पाठीवर. नागरी गाडीला फळी आली आणि चाक बगलेला गेले. पुढची काच दुभंगलेली असेल तर गाडी जुनी. १९४९ च्या सीजे-३ए पासून काच अखंड झाली. आणि बॉनेट एखाद्या उंच पेटाऱ्यासारखे वर आलेले असेल, तर ती सीजे-३बी. या गाडीच्या 'हरिकेन' इंजिनात हवा घेणाऱ्या झडपा माथ्यावर गेल्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावे लागले. सौंदर्यदृष्टीने हे रूप फारसे कोणी वाखाणले नाही. अमेरिकेत ते १९६८ मध्ये बंदही झाले. आपल्याकडे मात्र त्याच वळणाच्या गाड्या पुढे कित्येक दशके निघत राहिल्या. तेव्हा आमच्या रस्त्यावरील बहुसंख्य जुन्या जीप युद्धावर गेलेल्या नाहीत. त्यांना सैनिकी हिरवा रंग देऊन, बॉनेटवर पांढरा तारा काढून नॉर्मंडीचे वीर म्हणून उभे करणे म्हणजे इतिहासाला खोटी मिशी लावणे होय. शिवाय तो रंग खाजगी गाडीला देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांची मनाई आहे, हे किती हौशी लोकांना ठाऊक असते?

आता मुख्य मुद्दा. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांतच कच्च्या तेलाचा भाव चौपट झाला. पेट्रोलवर चालणारी जीप शेतकऱ्याला, ठेकेदाराला आणि लहान संस्थेला परवडेनाशी झाली. डिझेल त्या मानाने स्वस्त होते. तेव्हा कंपनीने आपल्याच परिवारातील इंटरनॅशनल ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसविले. नांगराचा बैल टांग्याला जुंपावा तसा हा प्रकार! गाडी थरथरे, आवाज करी, पण चाले. आणि चालविणाऱ्याच्या खिशाला झेपे. पुढे १९७९ मध्ये फ्रान्सच्या पेजो कंपनीशी करार होऊन २,११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन आले आणि इगतपुरीच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले. कंपनीने जे केले तेच रस्त्यावरच्या कारागिरांनी आपल्या परीने केले. जुन्या पेट्रोल जीपचे इंजिन उतरवून डिझेल चढविणे हा गावोगावचा उद्योग झाला. इंजिन जड म्हणून पुढचे पाटे वाढवायचे, ते चालू करायला जोर अधिक लागतो म्हणून सहा व्होल्टची वीजव्यवस्था बारावर न्यायची, रेडिएटर बदलायचा, अशी एकातून दुसरी गरज निघत गेली. मद्रासला ही विद्या नवी नव्हती. सिंप्सनच्या कारखान्यात पर्किन्स डिझेल इंजिने १९५० च्या दशकापासून तयार होत होती आणि डिझेलवर हात बसलेले कारागीर या शहरात भरपूर होते.

याचा अर्थ असा की, भारतीय जीपचे 'मूळ रूप' शोधू जाता एकच एक रूप हाती लागत नाही. १९६५ ची पेट्रोल जीप, जिला १९७६ मध्ये डिझेल इंजिन बसले आणि जी पुढे वीस वर्षे कोणा सोसायटीचे खत वाहत राहिली, तिचे ते डिझेल इंजिन ही तिच्या इतिहासावरील डाग आहे की तिचा इतिहासच? आमच्या मते इतिहासच. पण २०२१ चा विंटेज नियम तिला दारातच अडवतो. हौशी संग्राहक मग काय करतो? डिझेल इंजिन उपटून भंगारात टाकतो आणि कोठून तरी पेट्रोल इंजिन मिळवून बसवितो. अशा गाडीला आपण 'अस्सल' म्हणतो! तिच्यात खरोखर घडलेली गोष्ट पुसली गेली, तिच्या जागी न घडलेली आली.

चेन्नईत हे काम करून घेणाऱ्याला पुदुपेटची वाट ठाऊक असतेच. कूवम नदीच्या काठच्या या वस्तीत जुन्या गाड्या उकलून त्यांचे भाग वेगळे विकले जातात. गिअरबॉक्स एका दुकानात, आस दुसऱ्यात, स्टिअरिंग तिसऱ्यात. समुद्राच्या खाऱ्या हवेने इथला पत्रा आतून खाल्ला जातो. पायाखालची तळी आणि चासीचे आडवे तुकडे आधी जातात. वरून लांबी भरून रंग फासला की ते दिसत नाही. म्हणून गाडी पाहताना बॉनेट उघडण्याआधी गाडीखाली वाकावे.

अद्ययावत करण्याविषयी आमचे मत सरसकट प्रतिकूल नाही. नऊ इंची ड्रम ब्रेकच्या जागी डिस्क ब्रेक, पट्टे, चांगले दिवे ही सुधारणा जिवाच्या रक्षणासाठी आहे. परंतु साठ अश्वशक्तीसाठी, ताशी शंभर किलोमीटरच्या आत धावण्यासाठी घडविलेल्या, दोन्ही आसांमध्ये जेमतेम दोन मीटर अंतर असलेल्या गाडीत शंभरावर अश्वशक्तीचे नवे इंजिन कोंबणे आणि तिला महाबलीपुरमच्या रस्त्यावर भरधाव सोडणे, हा अविचार आहे. कायद्याचेही तेच म्हणणे आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही.

गंमत अशी की, खुद्द निर्मात्यालाही मूळ रूपाचा हा प्रश्न सुटला नाही. २०१८ मध्ये महिंद्रने याच जुन्या वळणाची 'रॉक्सर' नावाची गाडी अमेरिकेतील मिशिगन राज्यात जुळवून विकायला काढली. जीप हे नाव आज ज्यांच्या मालकीचे आहे त्या कंपनीने हरकत घेतली, आणि २०२० मध्ये तेथील व्यापार आयोगाने गाडीचा चेहरा जीपची नक्कल ठरविला. चेहरा बदलल्यावरच ती पुन्हा विकता आली. जपानातही मित्सुबिशीने १९५३ पासून परवान्यावर जीप बांधली. तिच्याच पुढच्या पिढीतील पजेरो आमच्या शेजारी तिरुवळ्ळूरला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात जुळविली जात असे. आणि माझगावच्या त्या पहिल्या जीपची आजची वारस, २०२० च्या २ ऑक्टोबरला बाजारात आलेली 'थार', घडते नाशिकला. पण तिचे अभियांत्रिकी काम झाले ते चेंगलपट्टूजवळच्या महिंद्र रिसर्च व्हॅलीत. २०१२ मध्ये उघडलेल्या या संशोधन केंद्रात कित्येक मराठी घरांतील मुले-मुली नोकरी करतात.

जुनी जीप घेऊ इच्छिणाऱ्या सभासदांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. १९३९ च्या मोटार कायद्यात इंजिनाचा बदल परिवहन अधिकाऱ्याच्या संमतीने करता येई आणि तशी नोंद नोंदणीपुस्तकात होई. गाडीच्या जुन्या पुस्तकात इंधनाच्या रकान्यातील 'पेट्रोल' खोडून त्यावर 'डिझेल' लिहिलेले, बाजूला कार्यालयाचा शिक्का, सही आणि तारीख असे पान असेल तर विक्रेत्याकडून ते पुस्तक मुळातून मागून घ्यावे, चासीवरील क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावा, आणि ते इंजिन शक्यतो बदलू नये. त्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळणार नाही. पण तो मिळालेल्या गाडीलाही प्रदर्शन, मेळावे, इंधन व दुरुस्ती यांपलीकडे रस्त्यावर येण्याची मुभा नाही; नोंदणीचे २० हजार रुपये भरून ती बहुतेक काळ घरातच उभी राहते. डिझेलची ती जीप, तिची नोंदणी वेळोवेळी नूतन होत राहिली तर, रविवारी सकाळी भाजी आणायला तरी नेता येईल.