अल्पमात्रा प्रारणाच्या धोक्याचे अनुमान

क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणाच्या लहान मात्रेमुळे पुढील आयुष्यात कर्करोग होण्याची शक्यता किती वाढते हे ठरविण्याच्या पद्धतीस 'अल्पमात्रा प्रारणाच्या धोक्याचे अनुमान' म्हणतात. सुमारे १०० मिलिसिव्हर्टपेक्षा कमी मात्रा ही सामान्यतः अल्पमात्रा समजली जाते. या टप्प्यातील धोका थेट मोजणे अवघड असल्याने तो मुख्यतः मोठ्या मात्रांच्या अभ्यासावरून काढला जातो.

मात्रा व एकके

ऊतींनी शोषलेली ऊर्जा 'ग्रे' या एककात मोजतात. प्रारणाचा प्रकार व अवयवांची संवेदनशीलता विचारात घेऊन काढलेली मात्रा 'सिव्हर्ट'मध्ये सांगतात. त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट. वैश्विक किरण, खडक व माती, रेडॉन वायू आणि अन्न या नैसर्गिक स्रोतांपासून माणसाला वर्षाला जागतिक सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा मिळते. पोटाच्या एका सीटी स्कॅनची मात्रा सुमारे १० मिलिसिव्हर्ट, तर छातीच्या एका क्ष-किरण चित्राची ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी असते.

मुख्य आधार

ऑगस्ट १९४५ मध्ये हिरोशिमा व नागासाकी येथे झालेल्या अणुबाँब हल्ल्यांतून वाचलेल्या लोकांचा अभ्यास हा या अनुमानाचा मुख्य आधार आहे. १९५० पासून सुमारे १,२०,००० व्यक्तींच्या आरोग्याची नोंद ठेवण्यात आली. मात्रा वाढते त्या प्रमाणात कर्करोगाचे प्रमाणही वाढते, असे त्यातून दिसून आले. मात्र या लोकांना ती मात्रा एकदम मिळाली होती. रुग्ण व कामगार यांना ती थोडीथोडी मिळते.

रेषीय प्रारूप

मोठ्या मात्रांसाठी मिळालेली रेषा सरळ शून्यापर्यंत वाढविली, तर मात्रा कितीही लहान असली तरी तिच्या प्रमाणात काही धोका उरतो. यास रेषीय, उंबरठाविरहित प्रारूप म्हणतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने २००६ मध्ये याच्या आधारे पुढील अनुमान मांडले: १०० व्यक्तींना प्रत्येकी १०० मिलिसिव्हर्ट मात्रा मिळाल्यास त्यांपैकी सुमारे एकीला त्यामुळे आयुष्यात कर्करोग होईल, इतर कारणांनी तो सुमारे ४२ जणांना होईल. १० मिलिसिव्हर्ट मात्रेसाठी हेच प्रमाण हजारात एक इतके येते.

मोजमापातील अडचण

इतर कारणांनी होणाऱ्या कर्करोगांच्या मोठ्या संख्येत ही अल्प वाढ झाकली जाते. मात्रा दहापट कमी झाल्यास तिचा परिणाम ओळखण्यासाठी साधारण शंभरपट लोकांचा अभ्यास करावा लागतो. शिवाय प्रारणजन्य कर्करोग इतर कर्करोगांपासून वेगळा ओळखण्याची खूण सहसा नसते.

पुरावे व मतभेद

केरळमधील करुणागपल्ली परिसरातील वाळूत थोरियमयुक्त मोनाझाइट असल्याने तेथील काही भागांत नैसर्गिक प्रारण सरासरीच्या कित्येक पट आहे. तेथील सुमारे ७०,००० रहिवाशांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रारणामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही. याउलट फ्रान्स, ब्रिटन व अमेरिका येथील तीन लाखांहून अधिक अणुउद्योग कामगारांच्या अभ्यासात (२०१५) मात्रेबरोबर कर्करोगाने होणारे मृत्यू वाढल्याचे दिसले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने २००५ मध्ये अल्पमात्रांसाठी रेषीय प्रारूप वापरण्यावर आक्षेप घेतला. अमेरिकी समितीने ते ग्राह्य मानले.

उपयोग व मर्यादा

आंतरराष्ट्रीय प्रारण संरक्षण आयोग हे प्रारूप खबरदारीचे गृहीतक म्हणून स्वीकारतो. त्याने सुचविलेली वार्षिक मर्यादा सामान्य जनतेसाठी १ मिलिसिव्हर्ट, तर कामगारांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने २० मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णाच्या तपासणीस या मर्यादा लागू होत नाहीत. तेथे तपासणीची गरज व तिचा लाभ पाहिला जातो. भारतात प्रारण सुरक्षेचे नियमन मुंबई येथील अणुऊर्जा नियामक परिषद करते.

मर्यादा ओलांडणे म्हणजे आजार होणे नव्हे आणि मर्यादेच्या आत असणे म्हणजे धोका शून्य असणेही नव्हे. अत्यल्प मात्रेला मोठ्या लोकसंख्येने गुणून भावी मृत्यूंची संख्या काढू नये, असेही हा आयोग बजावतो. हे अनुमान लोकसमूहाच्या संरक्षणाचे साधन आहे. विशिष्ट व्यक्तीला कर्करोग होईल की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही.