पोटातील चौदा सुया

पिसाळलेला कुत्रा चावला की पोटात चौदा सुया, ही अलर्करोगाविषयीची धास्ती मराठी जनमानसात खोल रुजली आहे. ती निराधार नव्हती. पाश्चरने १८८५ मध्ये पॅरिसला मनुष्यास प्रथम ही लस टोचली. १९०० मध्ये कसौलीस पाश्चर संस्था निघाली, तरी दूरच्या रोग्यास आगगाडीने तेथवर जाणे भाग पडे.

१९११ मध्ये डेव्हिड सेंपल यांनी कसौलीसच बाधित प्राण्याच्या, पुढे प्रायः मेंढीच्या, मेंदूतील विषाणू कार्बोलिक आम्लाने मृत करून नवी लस सिद्ध केली. ती बाहेरगावी पाठविता येई. त्यामुळे उपचार रोग्याच्या जवळ आला. हे सेंपल यांचे खरे कार्य. मोल मात्र जबर होते : मेंदूच्या ऊतकामुळे क्वचित लस घेणाऱ्यासच पक्षाघात होई. भारतात या लसीचे उत्पादन २००५ च्या सुमारास थांबले.

लस गेली, धास्ती उरली. आणि रोगाची लक्षणे उमटल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असल्याने टाळाटाळ घातकच. आता टोचण्या चार-पाच, त्याही दंडात. खोल दंशात जखमेभोवती प्रतिपिंडेही देतात. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुण्याचे काम मात्र दवाखाना गाठण्यापूर्वीच, घरी करावयाचे असते.