विद्यार्थी आणि माध्यम साक्षरता : संदेश पुढे पाठवण्यापूर्वी

माजिवड्याच्या नाक्यावर मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा महामार्ग आणि घोडबंदर रस्ता एकत्र येतात. या परिसरातील कोणतेही आईवडील आपल्या लहान मुलाला हा नाका एकट्याने ओलांडू देत नाहीत. कोठे थांबावे, कोणत्या बाजूला पाहावे, केव्हा पाऊल उचलावे हे त्याचा हात धरून शिकवले जाते. त्याच मुलाच्या हाती मोबाइल देताना मात्र आपण असे काहीच शिकवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शाळा पडद्यावर भरू लागल्या आणि घरोघरी मोबाइल ही मुलांची गरज बनली. पुढे वर्ग पूर्ववत भरले. मोबाइल मात्र मुलांच्या हातीच राहिला. म्हणूनच माध्यम आणि माहिती साक्षरता या विषयाची ओळख पालक, शिक्षक व विद्यार्थी यांना करून द्यावी असे आम्हास वाटते.

माध्यम साक्षरता म्हणजे काय?

माहिती शोधणे, ती पारखणे, तिचा अर्थ समजून घेणे आणि तिचा जबाबदारीने वापर करणे या चारही गोष्टींचा समावेश माध्यम साक्षरतेत होतो. हा विचार इंटरनेटपेक्षाही जुना आहे. जानेवारी १९८२ मध्ये जर्मनीतील ग्रुनवाल्ड येथे युनेस्कोच्या परिषदेत १९ देशांच्या प्रतिनिधींनी माध्यम शिक्षणाचा जाहीरनामा स्वीकारला. २०११ मध्ये युनेस्कोने शिक्षकांसाठी या विषयाचा अभ्यासक्रम प्रसिद्ध केला. दरवर्षी २४ ते ३१ ऑक्टोबर हा आठवडा जगभर या साक्षरतेसाठी पाळला जातो.

पूर्वी बातमी आणि वाचक यांच्यामध्ये संपादक असे. बातमी खरी आहे काय, छापण्याजोगी आहे काय, तिच्यामुळे कोणाचे नुकसान होईल काय, हे प्रश्न तो विचारीत असे. आज तोच संदेश घरातील बारा वर्षांच्या मुलाकडून थेट शंभर जणांकडे जातो. संपादकाची खुर्ची रिकामी झालेली नाही. तिच्यावर नकळत आपण बसलो आहोत. विद्यार्थ्याला शिकवायचे ते मुख्यतः हेच.

आपल्याच वाटेवरच्या तीन घटना

हा प्रश्न दूरचा नाही. माजिवड्याहून निघणाऱ्या रस्त्यांनीच त्याचा माग काढता येतो.

नाशिककडे जाणारा महामार्ग पुढे धुळ्यास पोहोचतो. त्या जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची तेथे जमावाने हत्या केली. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आले होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या काळात मोबाइलवरून पसरली होती. त्यातील एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, एवढेच निमित्त संशयाला पुरले. त्या दिवसांत देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक मुळात कराचीतील बालसुरक्षेच्या प्रबोधनासाठी बनवलेली होती. शेवटचा खुलासा कापून टाकल्यामुळे ती खऱ्या अपहरणाची वाटत होती. मुलांच्या रक्षणासाठी बनवलेले चित्रण अशा रीतीने निरपराधांच्या जिवावर उठले.

घोडबंदर रस्त्याने गेल्यास आपण अहमदाबाद महामार्गाला लागतो आणि पालघर जिल्ह्यात प्रवेश करतो. त्या जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावी १६ एप्रिल २०२० च्या रात्री दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना जमावाने ठार केले. टाळेबंदीच्या त्या दिवसांत चोर आणि मुले पळवणारे लोक फिरत असल्याच्या अफवा तेथे पसरल्या होत्या. इतक्यावरच हे थांबले नाही. घटनेनंतर तिला धार्मिक रंग देणारे संदेश सुरू झाले. अखेर राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर करून या हत्येमागे धार्मिक तेढ नसल्याचे सांगितले. एका अफवेने तीन जीव घेतले आणि दुसरी अफवा समाजात फूट पाडू पाहत होती.

तिसरी घटना वेगळ्या प्रकारची आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर पाळल्या गेलेल्या बंदविषयी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर आपले मत लिहिले. तिच्या मैत्रिणीने त्याला पसंती दर्शवली. दोघींनाही अटक झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. पुढे हे प्रकरण बंद झाले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका तरुणीच्या याचिकेवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवून रद्द केले. पहिल्या दोन घटनांनी जबाबदारी शिकवली, तर या घटनेने हक्क शिकवला. जबाबदार वापर म्हणजे गप्प बसणे नव्हे. आपले मत सभ्य शब्दांत मांडण्याचे स्वातंत्र्य विद्यार्थ्यांनाही आहे. मत मांडणे आणि खोटी माहिती पसरवणे यांतील भेद मात्र त्यांना कळला पाहिजे.

संदेश कसा पारखावा?

राईनपाड्याच्या घटनेनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आणि पुढे आलेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. एप्रिल २०२० पासून अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. अशा संदेशावर दोन बाण दिसतात. मुलांनी ते दोन बाण म्हणजे थांबण्याची खूण समजावी. त्यानंतर स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत.

१. हे मुळात कोणी सांगितले? 'काकांनी पाठवले' हे उत्तर नव्हे. काकांना ते कोठून मिळाले, हे पाहावे.

२. स्थळ आणि तारीख दिली आहे काय? 'आपल्या भागात', 'कालच' असे शब्द कोणत्याही गावी आणि कोणत्याही वर्षी खरे वाटतात.

३. अन्यत्र ही बातमी आहे काय? मोठी घटना घडली असेल तर निदान दोन जबाबदार वृत्तपत्रांत ती सापडलीच पाहिजे.

४. छायाचित्र त्याच प्रसंगाचे आहे काय? गूगल लेन्समध्ये चित्र टाकल्यास ते पूर्वी कोठे वापरले गेले हे बहुधा कळते. सरकारी योजना व आदेशांविषयीचे दावे पडताळण्यासाठी केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा तथ्य तपासणी विभाग २०१९ पासून काम करीत आहे.

५. हे वाचून मला राग किंवा भीती का वाटली? भावना भडकली की विचार थांबतो, हे खोटे संदेश लिहिणाऱ्यास चांगले ठाऊक असते.

आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी फुगीर पांढरा कोट घातल्याचे चित्र जगभर फिरले. ते मिडजर्नी नावाच्या साधनाने तयार केलेले होते, परंतु अनेक सुजाण माणसांनीही ते खरे मानले. त्यात कोणाची हानी झाली नाही. पण असेच बनावट चित्र एखाद्या वर्गमैत्रिणीचे असेल तर? त्याच पोप महोदयांनी २०१८ च्या जागतिक संपर्क माध्यम दिनाचा संदेश खोट्या बातम्यांच्या विषयाला वाहिला होता, याची येथे आठवण होते.

कायदा आणि मदत

थट्टा म्हणून केलेली कृती गुन्हा ठरू शकते, हे मुलांना स्पष्ट सांगावे. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे, दुसऱ्याच्या नावाने फसवणूक करणे, कोणाचे खाजगी छायाचित्र त्याच्या संमतीवाचून प्रसृत करणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये शिक्षा आहे. समाजात भीती वा वैर पसरवणाऱ्या खोट्या विधानांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ लागू आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानले असून तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे.

मूल स्वतःच बळी ठरल्यास पहिली गोष्ट म्हणजे त्याला रागावू नये. मार बसेल या भीतीने मुले धमक्या लपवतात आणि धमकावणारा त्याचाच फायदा घेतो. संदेश पुसून टाकू नयेत. ते पुरावा असतात. आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार करता येते.

घर, शाळा आणि धर्मग्राम

खोटे संदेश केवळ मुले पाठवतात असा समज करून घेणे सोयीचे असले तरी खरे नाही. आपल्या कुटुंबाच्या आणि धर्मग्रामाच्या व्हॉट्सअॅप गटांवर रामबाण औषधे, नसलेल्या आपत्ती आणि अन्य समाजांविषयीचे विखारी मजकूर टाकणारे बहुधा आपण मोठेच असतो. मुले उपदेशापेक्षा आपले अंगठे पाहून शिकतात. म्हणून सुरुवात घरातून व्हावी. रात्रीच्या जेवणानंतर दिवसभरात आलेला एक संदेश सर्वांनी मिळून वरील पाच प्रश्नांनी पारखावा. चूक सापडली तर ज्या गटावर तो पाठवला त्याच गटावर 'माझ्याकडून चुकीची माहिती गेली, क्षमस्व' असे लिहावे. आईने किंवा वडिलांनी असे एकदा जरी लिहिले, तरी मुलाला त्यातून मिळणारा धडा मोठा असेल.

शाळांना हा विषय वेगळा तास न घेताही शिकवता येईल. भाषेच्या तासाला दोन वृत्तपत्रांतील एकाच घटनेच्या बातम्या वाचून तुलना करावी. इतिहासाच्या तासाला साधन आणि दंतकथा यांतील भेद दाखवावा. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठव्या आज्ञेचा पाठ येतोच. शेजाऱ्याविरुद्धची खोटी साक्ष आज न्यायासनापुढे क्वचित आणि मोबाइलवर रोज दिली जाते, हे त्या वेळी सांगता येईल.

राईनपाड्याला गेलेले ते पाच जण कोणाचे तरी वडील, भाऊ, मुलगे होते. त्यांच्यापर्यंत पोहोचलेली अफवा अनेक हातांतून गेली होती आणि त्यांपैकी बहुतेकांनी कोणावरही हात उगारला नव्हता. त्यांनी फक्त संदेश पुढे पाठवला होता. नाका ओलांडताना मुलाला आपण 'थांब, पाहा, मग चाल' असे सांगतो. संदेश पुढे पाठवतानाही तेच सांगावे आणि आपणही ते पाळावे, अशी सर्व पालक व शिक्षकांना आमची नम्र विनंती आहे.