रोमी नाण्यावरील स्त्री

बाईचे चित्र असलेले रोमी रुपे सापडले, तर ते बहुधा सम्राट तिबेरियसचे (इ.स. १४–३७) देनारियस असावे. पावणेचार ग्रॅमच्या आसपासचे हे चांदीचे नाणे दक्षिण भारतात विपुल सापडते. मागील बाजूस राजदंड आणि डहाळी घेऊन बसलेली स्त्री ही शांतिदेवता पॅक्स. पुष्कळ अभ्यासक तिच्यात तिबेरियसची आई लिव्हिया पाहतात. देवी आणि राजमाता यांतली रेषा मुद्दामच पुसट ठेवली होती, असे आम्हांस वाटते. पुढे फाउस्टिना, जूलिया डोम्ना या सम्राज्ञी नावानिशी दर्शनी बाजूस आल्या, मागे जूनो, व्हीनस या देवी. रोमशी नाते केवळ नाण्यांतूनच दिसते असे नाही: कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीचे असे नाते सांगणारी समुद्रदेव पोसायडनची ब्राँझमूर्ती तेथील टाउन हॉल संग्रहालयात आहे. वाचकांनी ती अवश्य पाहावी.